दार फिरवण्याचा धंदा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो भाकरी थापण्याच्या आवाजानं. आई मेस चालवायची. बँकेत बदलून आलेले साहेब, एकटे राहणारे मास्तर, औषधं विकत गावोगाव फिरणारी पोरं, असे जेवणारे दोन पंगतींत बसायचे. त्यांच्यासाठी ज्वारीच्या पिठाचा ढीग, वांग्याच्या भाजीत पडलेल्या जवसाच्या कुटाचा वास आणि मिरच्यांचा ठेचा कुटताना घरभर लागणारा ठसका, हे सगळं बाबांची पहिली गाडी सुटायच्या आधीच सुरू झालेलं असायचं. बाबा एसटीत कंडक्टर होते. खाकी शर्टाची बटणं लावत ते चुलीजवळ उभे राहायचे, एक भाकरी ठेच्यासोबत उभ्यानंच खायचे आणि निघायचे. दिवसभर गर्दीशी बोलावं लागतं म्हणून असेल, घरात ते फारसं बोलत नसत. माझा स्वभाव त्यांच्यावर गेला असं आई म्हणायची. फरक एवढाच, की बाबांना बाहेर बोलण्याचा पगार मिळत होता.

मी कारंज्यातल्या इंग्रजी शाळेत शिकले. गल्लीत मला ‘कॉन्व्हेंटवाली’ म्हणत. शाळेतलं इंग्रजी घरी बोलायची लाज वाटायची आणि घरची वऱ्हाडी शाळेत बोलायची सोय नव्हती, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. बी.कॉम. झाल्यावर मी मेसमध्ये वाढायला लागले. खाली मान घालून वाढताना ताटं आणि हात तेवढे दिसायचे, आणि हातांवरून मी माणसं ओळखायचे. कोण भात आधी मागणार, कोण ताटात टाकून उठणार, हे मला आधीच कळायचं. मला पाहायला दोन ठिकाणची मंडळी येऊन गेली. दोन्ही वेळा मी विचारलेल्याला मान हलवून उत्तर दिलं. एका ठिकाणाहून निरोप आला, मुलीला गर्व फार आहे. आई त्यावर पोट धरून हसली होती. “गर्व! इले दुकानदार जास्तीचे पैसे परत देते तरी हे थँक्यू म्हनाले लाजते.”

नव्यानं आलेला प्रत्येक जेवणारा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला विचारायचा, काकू, कुठं खोली आहे का? आईला सगळ्या गावाची खबर असायची. कोणाचं घर रिकामं आहे, कोणता मालक पाण्यावरून भांडतो, कोणाच्या घरी पोरी आहेत म्हणून एकट्या पोराला खोली देत नाहीत. ती वर्षानुवर्षं लोकांना फुकट घरं पाहून देत होती. एका दुपारी भांडी आवरता आवरता ती अचानक थांबली आणि म्हणाली, “साऱ्या गावाले मी घरं पाहून देते. मंग मीच एखांदं काहून नाई घेत वं?” मला वाटलं, उन्हाचं बोलतेय. पण तिनं घरही पाहून ठेवलं होतं.

ते घर जुन्या वस्तीत, कापडबाजाराच्या मागं होतं. मालक अकोल्याला मुलाकडे राहायला गेले होते आणि घर बरीच वर्षं बंद होतं. पडकं नव्हतं. विटांच्या भिंती धडधाकट होत्या, अंगणात आड होता, वर पत्रे होते. ते विकलं जात नव्हतं त्याचं कारण एकच, घर दक्षिणमुखी होतं. दक्षिणेला दार म्हटलं की आमच्याकडे लोक उंबऱ्याच्या आतसुद्धा येत नाहीत. बाहेरूनच ‘बरं हाय घर’ म्हणतात आणि चालू लागतात. आईचं माहेर किन्हीराजाचं. तिथं तिच्या भावानं असंच एक घर घेतलं होतं, दक्षिणेचं दार बुजवून पूर्वेच्या भिंतीत नवं दार काढलं होतं, आणि तेच घर लोकांनी भांडून घेतलं होतं. “घर थेच, भिंती थ्याच. फक्त दार फिरवलं,” आई म्हणायची. आजकाल या धंद्याला छान इंग्रजी नाव आहे. तो कसा करायचा हे शिकवणारी हसरी माणसं माझ्या फोनवर रोज येतात. आम्ही त्याला दार फिरवणं म्हणायचो, आणि आईला ते शिकवायला मामाशिवाय कोणी नव्हतं.

माझ्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं आणि आईच्या हातातल्या पाटल्या त्या घरात गेल्या. सोनं माझ्या लग्नाचं होतं, म्हणून घरही आईनं माझ्याच नावावर केलं. बाबांना हे सगळं झाल्यावरच नीट कळलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत एवढंच म्हटलं, “पोरगी बोलत नाई, घर दक्षिणेकडं तोंड करून बसलं. दोघायले घेऊन तू बरी बसली.” आईनं त्यांच्या ताटात आणखी ठेचा वाढला. आमच्या घरी रागावण्याची ती पद्धत होती. घर विकलं गेलं तर पुढचं घ्यायचं, नाही विकलं तर माझं लग्न आणि आईची हिंमत दोन्ही त्या आडात पडणार, हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं.

दुरुस्तीच्या कामावर बसायला आईनं मला पाठवलं. मेस सोडून तिला येता येत नव्हतं, आणि मिस्त्रीशी बोलायची मला गरज नव्हती, कारण तो तिचंच ऐकायचा. दोन्ही पंगती उठल्या की मी डबा घेऊन त्या घरी जायचे. डब्यात बहुतेक वरणफळं असायची, दुपारपर्यंत घट्ट झालेली, वर कच्चं तेल. पुढच्या खोल्यांत फरशी कापायच्या यंत्राचा आवाज चालायचा, म्हणून मी पूर्वेच्या खोलीत जाऊन बसायचे. त्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला खिडकी नव्हती, दार नव्हतं. फक्त माझ्या डोक्याच्या खूप वर, गज लावलेला एक झरोका. भिंतीपलीकडे बंद तोंडाचा बोळ होता, एका बाजूला आमची ही कोरी भिंत, आणि समोर बोळात उघडणारं एकच दार, रशीदा खालाचं. खालाच्या घरचे पुरुष रस्त्यावरच्या दुकानात कापूस पिंजायचे, आणि बाया बोळात बसून रजया शिवायच्या.

मला हे सगळं आधी फक्त ऐकू आलं. धप धप असा काठीनं कापूस बसवण्याचा आवाज. मग तो थांबायचा आणि बोलणं सुरू व्हायचं. खालाचा आवाज जाड, थोडा बसलेला, मधून मधून खोकणारा. तिची सून शबाना, तिचा आवाज पातळ आणि घाईचा. आणखी दोघी-तिघी शेजारणी. बोळात कोणाचं येणं-जाणं नसल्यानं त्या डोक्यावरून पदर, ओढणी काढून, पाय पसरून, सबंध रजई जमिनीवर अंथरून तिच्या चारी बाजूंनी बसायच्या. हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं. एकदा शबाना म्हणाली, “खाला, माहा पाय दबला तुमच्याखाली, उठा ना.” मी भिंतीला कान लावून ऐकत असायचे. चोरून ऐकतोय असं तेव्हा वाटलं नाही. मेसमध्ये मी जेवणाऱ्यांचं ऐकायचेच की.

एक दिवस शबाना आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होती. “माह्या माहेरून रजई आली ना, त दुसऱ्याच दिवशी यायनं थे हातावर घेतली, अशी उचलून पाह्यली, अन् म्हनते काय, तुह्या अब्बानं कापूस कमी भरला.”

“मंग? तू काय म्हनली?” एकीनं विचारलं.

“म्या म्हनलं, तुमी रजईत झोपाले आले का रजई तोलाले?”

मी हसले. मोठ्यानं, फस्सकन, आवरायच्या आधीच. पलीकडे एकदम सगळं थांबलं.

“कोन हाय वं अंदर?” खालाचा आवाज.

मी तोंडावर हात धरला.

“खाला, घर त बंद हाय ना थे? भूत असंन,” शबाना म्हणाली, पण तिच्या आवाजात भीती नव्हती, मजा होती. “ए भुताबाई, जेवली का?”

आणि मी, जिच्या तोंडून पाहुण्यांसमोर स्वतःचं नाव निघत नव्हतं, त्या भिंतीला म्हणाले, “हो. वरणफळं.”

त्यानंतरचे दोन-तीन महिने माझ्या आयुष्यातले फार बोलके महिने होते. भिंत मध्ये असली की मला बोलता यायचं. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, मला कोणाकडे पाहायचं नव्हतं. शबाना मला वस्तूंची इंग्रजी नावं विचारायची. “रजईले काय म्हनते तुह्या इंग्लिशमंदी?” मी सांगितलं, क्विल्ट. “क्विल्ट! असं वाटते आडात गोटा पडला.” खाला विचारायची, “बेटा, तू शादी काहून नाई करत? तुले कोनी आवडत नाई का तू कोनाले नाई?” आणि मी भिंतीला टेकून, पाय लांब करून, खरं काय ते सांगायचे, की मला पाहायला आलेल्या माणसांसमोर घसा बंद होतो. “त मंग त्यायले भिंतीच्या त्या अंगानं बसवा,” खाला म्हणाली होती. एकदा पाऊस पडत होता तेव्हा त्यांनी कापूस कुटायच्या काठीच्या टोकाला बांधून गरम भज्यांचा पुडा झरोक्यातून आत ढकलला. अर्धी भजी गजांत अडकून तिकडेच पडली आणि शबाना किती तरी वेळ हसत होती. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. पुढच्या दारानं निघून, वळसा घालून बोळात जायला मला फारसा वेळ लागला नसता. पण मी गेले नाही, आणि त्यांनीही कधी ये म्हटलं नाही.

घर तयार होत आलं तसं आईनं गिऱ्हाईक आणलं. मार्केट यार्डातले एक अडते, त्यांना सगळे शेठजी म्हणत. पण घर घेणार होत्या त्या शेठाणी. त्यांनी बाहेर रस्त्यावर उभं राहूनच सांगितलं, “दार पूर्वेले झालं त आमी दसऱ्याले आत येतो. नाई त पाय ठेवत नाई.” आई खुशीत होती. मिस्त्रीनं पूर्वेच्या खोलीत येऊन भिंतीवर खडूनं दाराची चौकट आखली. ती बरोबर मी बसायचे त्या जागेवर आली. मी पाट उचलून बाजूला झाले. भिंतीपलीकडे शबाना कोणाला तरी दोरा मागत होती.

मला हे आधी कळायला हवं होतं, असं आज वाटतं. दार पूर्वेला काढायचं हे तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पण पूर्व ही दिशा आणि भिंतीपलीकडचा तो बोळ, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या राहिल्या होत्या. आमच्याकडे कोणाच्या दारासमोर दार काढायचं तर आधी जाऊन सांगावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन खालाकडे गेली. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं. खाला मला वाटली होती त्यापेक्षा खूप बारीक होती, आणि शबाना माझ्याच वयाची, कपाळावर कापसाचं फूल चिकटलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी डोक्यावर घेतली. दोघी एकमेकींना अनोळखी असल्यासारख्या बसलो. आत दोन खोल्या होत्या, आणि दोन्हींत शिवायच्या खोळी छतापर्यंत रचलेल्या. रजई अंथरायला जमीन दिसत नव्हती. हवेत कापसाचा भुसा तरंगत होता आणि खाला खोकत होती.

आईनं सांगितलं. खालानं ऐकून घेतलं. “दार काढा माय, तुमचं घर हाय. बोळ काई आमच्या नावानं नाई. गैरमर्दांचं येनं-जानं सुरू झालं त आमी अंदर बसू.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “फक्त हिवाळा निघू देता का? सीझनचा माल हाय. अंदर एवढ्या रजया शिवनं होत नाई, दम भरते.”

“शेठाणीले दसऱ्याले पायजे,” आई म्हणाली.

“मंग जसं तुमाले बरं वाटंन,” खाला म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

परत येताना आई भरभर चालत होती. तिला वाईट वाटलं की ती भरभर चालते. घराच्या वळणावर तिनं मला सांगितलं, “हे पाय. घर तुह्या नावावर हाय. उद्या शेठाणी मिस्त्रीसमोर दार पक्कं कराले येतीन. मी तुले काही शिकवत नाई. पन जे म्हनायचं थे तोंडानं म्हनजो. मान नोको हालवजो.”

त्या वाक्याचा अर्थ मी अजून लावते. तिला मी हो म्हणावं असं वाटत होतं की नाही म्हणावं असं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी विचारलंही होतं, ती आजारी होती तेव्हा. ती म्हणाली, “मले कुठं माईत होतं!”

दुसऱ्या दिवशी शेठाणी आल्या, पण आत नाही. दक्षिणेच्या दारातून आत यायचं नाही म्हणून त्या वळसा घालून बोळात जाऊन उभ्या राहिल्या, आणि आम्हीही. बोळ रिकामा होता. जमीन झाडून घेतलेली, काठी नाही, कापूस नाही, खालाच्या दारावर जुन्या चादरीचा पडदा सोडलेला. इतके महिने मी ज्या जागेचा आवाज ऐकला ती पहिल्यांदा मोकळी पाहिली, आणि ती इतकी लहान होती की दोन रजया शेजारी शेजारी मावल्या नसत्या. आमच्या भिंतीला खालून, माणूस बसल्यावर पाठ टेकेल एवढ्या उंचीपर्यंत, एक गुळगुळीत तेलकट पट्टा होता. मी आतून टेकायचे तिथंच बाहेरून त्या टेकायच्या.

“हा बोळ साफ ठेवाले सांगा,” शेठाणी म्हणाल्या. “दार मोठं काढजा, दोन पल्ल्यांचं.”

मिस्त्रीनं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागे कोणी तरी उभं होतं, कारण खालून पाय दिसत होते.

“दार काढायचं नाही,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मिस्त्री म्हणाला, “काय म्हनलं?” म्हणून मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी जरा जास्तच मोठ्यानं निघालं. “या भिंतीत दार काढायचं नाही. घर आहे तसंच राहील.”

“मंग आमी घेत नाई, बाई.”

“हो.”

“दक्षिणेचं घर कोनी घेनार नाई. पडून राहीन.”

“हो,” मी म्हणाले.

शेठाणी आईकडे वळल्या, “पोरगी शिकवून ठेवली बरी तुमी.” आई म्हणाली, “म्या नाई शिकवली. इंग्लिश शायेत शिकली थे.” आणि हसली नाही.

तो हिवाळा घर बंद राहिलं. आई मेसमध्ये जास्त राबायची. संध्याकाळच्या पंगतीला तिनं पाटवडी सुरू केली, कारण तिला जेवणारे वाढवायचे होते. सोन्याचा विषय बाबांनी एकदाही काढला नाही. मला वाटतं, माझ्याकडून आलेल्या त्या दोन वाक्यांचं त्यांना कौतुक होतं, पण त्या कौतुकाची किंमत आई चुलीजवळ उभी राहून भरत होती. मला झोप लागायची नाही. मी बरोबर केलं असं मला वाटत होतं, आणि ताटं वाढताना आईच्या रिकाम्या मनगटाकडे पाहवत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. ते आजही तसंच आहे.

संक्रांतीच्या पुढेमागे मेसमध्ये दोन मुली जेवायला आल्या, एका बँकेत नव्यानं लागलेल्या, एक लातूरकडची, एक नाशिकची. पुरुषांच्या पंगतीत बसायला नको म्हणून आईनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. त्यांना गावात कोणी खोली देत नव्हतं. एकट्या मुली, उशिरा येतात, कोण कुठल्या. एका मालकानं भावाला सोबत आणा म्हणून सांगितलं होतं. आई भाकरी टाकता टाकता ऐकत होती. मग तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, “घराचं तोंड दक्षिणेले असंन त चालते का?”

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “काकू, कडी आतून लागते ना?” लातूरकडची म्हणाली.

आईनं त्या दिवशी त्यांना आणखी एक एक भाकरी वाढली. नंतर मला म्हणाली, “इकायचं नाई आता. किरायानंच ठेवू.” आमच्या पुढच्या सगळ्या घरांचा धंदा त्या वाक्यातून निघाला. आजही मी ज्या घराला गिऱ्हाईक नाही ते आधी पाहते, आणि त्या घराच्या चारी भिंतींच्या बाहेरून एक चक्कर मारते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना ती चक्कर वेळ घालवणं वाटते.

मुली राहायला आल्या त्या दिवशी मी त्यांना किल्ली दिली, आडाचा रहाट दाखवला, आणि बाहेर पडले. दार आतून लागलं. कडीचा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता पूर्वेच्या खोलीत मला जाता येणार नाही. घर विकलं असतं तरी गेलं असतं, आणि ठेवलं तरी गेलंच. थोडा वेळ मी रस्त्यावर उभी राहिले. मग वळसा घालून बोळात गेले.

त्या काम करत होत्या. मला पाहून कोणीच डोक्यावर ओढणी घेतली नाही. खाला म्हणाली, “उभी कायले? चप्पल काढ, रजईवर पाय नोको देऊ.” शबानानं पाय आखडून जागा केली आणि दोरा ओवलेली सुई माझ्या हातात दिली. मी भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळानं वरच्या झरोक्यातून आवाज आला. आतली एक मुलगी फोनवर आपल्या आईशी बोलत होती. “हो गं, मिळालं घर. चांगलं आहे. नाही, दिशाबिशा नाही पाहिली आम्ही. शेजारी? शेजारी माहीत नाहीत अजून. पण बाहेर बायका आहेत वाटतं, हसताहेत.”

शबानानं ओढणी तोंडात कोंबली. खालानं तिच्या मांडीवर चापट मारली, “चूप! नवीन हायत थ्या.”

मी खाली मान घालून पहिला टाका घातला. तो वाकडा पडला. खालानं तो उसवला आणि म्हणाली, “पुन्हा घाल.”